भाई कोतवालांच्या वाटेवर सायकलने – हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जीवनपट



मी भिसेगावात राहते. कर्जत स्टेशनला अगदी लागून असलेलं आमचं हे गाव. गाडीची घोषणा आमच्या अंगणात ऐकू येते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आज तुमच्यासाठी आपल्याच तालुक्यातल्या एका थोर माणसाचं चरित्र घेऊन आले आहे, पण थोड्या वेगळ्या पद्धतीने. हे चरित्र आपण सायकलवर बसून वाचणार आहोत. कसं, ते पुढे कळेलच.

आधी हे का लिहावंसं वाटलं, ते सांगते. मागच्या वर्षी वर्गात मी भाई कोतवालांची माहिती सांगत होते. इंग्रज सरकारला हादरवण्यासाठी त्यांनी विजेचे मनोरे पाडले, असं सांगितलं. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं की, सार्वजनिक वस्तूंची मोडतोड करू नये असं तुम्हीच शिकवता, मग भाईंनी केलं ते चूक नव्हतं का? खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते क्रांतिकारक होते, एवढं बोलून मी पुढचा मुद्दा घेतला. ती मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही झालं नव्हतं.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी सायकल काढली आणि भाईंच्या मुलखात फिरून आले. एकदा नाही, चार-पाच वेळा. ती वाट आणि ते आयुष्य दोन्ही एकत्र मांडते.

सायकलच का?

तुम्ही म्हणाल, चरित्राचा आणि सायकलचा काय संबंध? आहे. मोटारीतून गेलो की गावं नुसती मागे पळतात. पायी गेलो तर सुट्टीच्या एका दिवसात फार लांब जाता येत नाही. सायकलवर मात्र चढ पायांना कळतो, उतार कानांना कळतो आणि वाटेतला माणूस हाक मारून थांबवू शकतो. भाईंच्या काळात या भागात मोटारी अगदी मोजक्या होत्या. गावोगाव जायचं तर पायी किंवा बैलगाडीने. त्या माणसाने केवढा मुलूख पिंजून काढला, हे आपल्याला त्यातल्या त्यात सायकलवरूनच समजतं.

दुसरी गोष्ट. जगात अनेक ठिकाणी लोक डोंगरातले शांत रस्ते शोधून मुद्दाम सायकल चालवतात. इटलीतल्या टस्कनी आणि उंब्रिया या डोंगराळ भागांतले असे रस्ते फार प्रसिद्ध आहेत. त्यातल्याच काही रस्त्यांवरून जिनो बार्ताली हा सायकलपटू जात असे. तो आपल्या भाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान, जन्म १९१४ चा. टूर द फ्रान्स ही सर्वांत मोठी शर्यत त्याने १९३८ आणि १९४८ अशी दोनदा जिंकली. या दोन विजयांच्या मध्ये दुसरं महायुद्ध झालं. त्या काळात तो सरावाचं निमित्त करून फ्लॉरेन्स ते असिसी असा लांबचा प्रवास करायचा. छळातून वाचू पाहणाऱ्या ज्यू लोकांसाठी तयार केलेली कागदपत्रं तो सायकलच्या पोकळ नळ्यांत लपवून न्यायचा. या कामाबद्दल तो पुढे आयुष्यभर फारसं बोलला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने त्याचा गौरव केला. आज त्या भागात सायकल चालवणाऱ्यांना त्याची आठवण होते.

मग माझ्या मनात आलं, आपल्याकडे असा रस्ता नाही का? आहे की! भिसेगावातून निघतो आणि सिद्धगडाच्या पायथ्याला जातो.

पहिला टप्पा : भिसेगाव ते कडाव – जन्म आणि बालपण

पहाटे सहाच्या आत निघा. थंडीचे दिवस सगळ्यात चांगले. स्टेशनचा भाग मागे टाकला, उल्हास नदी ओलांडली की आपण कर्जत-मुरबाड रस्त्याला लागतो. हा रस्ता आता रुंद झाला आहे आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवर जाणाऱ्या गाड्यांची गर्दी असते. म्हणून मधल्या वारची सुट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर रविवारी उन्हं वर यायच्या आत हा टप्पा उरकायचा. रस्ता फारसा चढाचा नाही. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कापणी झाली असेल तर नुसते सड. मध्येच वीटभट्टीचा धूर.

थोडं पुढे आलात की सायकल कडेला लावा आणि पश्चिमेकडे वळून बघा. माथ्यावर सपाट दिसणारा तो लांबच लांब डोंगर म्हणजे माथेरान. सूर्य पूर्वेला सह्याद्रीच्या भिंतीआडून वर येतो, त्यामुळे खाली आपल्याकडे अजून सावली असते आणि माथेरानच्या माथ्यावर मात्र ऊन आलेलं असतं.

तिथे, त्या माथ्यावर, १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. घर नाभिक समाजातलं, परिस्थिती गरिबीची. माथेरान हे इंग्रजांनी वसवलेलं थंड हवेचं ठिकाण. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तिथे चढून गेले आणि मग एकेक बंगला उभा राहिला. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. म्हणजे विठ्ठलचा जन्म झाला तेव्हा ती गाडी पाच वर्षांची होती. बंगल्यांत साहेबलोक आणि मुंबईचे धनिक यायचे. त्यांचं ओझं वाहणारे, त्यांच्या घोड्यांना चारा घालणारे, पाणी भरणारे मात्र डोंगराखालच्या वाड्यांतले लोक असायचे. एका बाजूला हवा खायला आलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला पोटासाठी डोंगर चढणारी माणसं. हे दोन्ही त्या मुलाने लहानपणापासून पाहिलं.

माथेरानला तेव्हा शाळा चौथीपर्यंतच. हुशार मुलगा, पण पुढे काय? त्याला पुण्याला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. पालकहो, इथे एक मिनिट थांबून विचार करा. नऊ-दहा वर्षांचं पोर, डोंगरावरचं घर सोडून शिकण्यासाठी दूर जातं. आजही आपल्या आदिवासी वाड्यांतली कितीतरी मुलं चौथी-पाचवीनंतर अशीच आश्रमशाळेत जातात. भाईंचं बालपण मुलांना सांगताना हा धागा जरूर जोडा. आपल्या वर्गातल्या मुलाला ती गोष्ट स्वतःची वाटते.

विठ्ठल शिकत गेला आणि पुढे वकिलीची परीक्षाही पास झाला. वकिली करून पुण्या-मुंबईला सुखात राहता आलं असतं. पण तो परत आला. कुठे? याच मुलखात. लोक त्याला भाई म्हणू लागले.

कडावला पोहोचलात की दिगंबर सिद्धिविनायकाचं दर्शन घ्या, चहा घ्या आणि सायकलची हवा एकदा बघून घ्या.

दुसरा टप्पा : कडाव ते कशेळे – शाळा आणि धान्य

या टप्प्यात लहान-लहान चढ-उतार आहेत. गिअरची सायकल नसली तरी चालते, फक्त चढावर घाई करायची नाही. भिसेगावापासून कशेळ्यापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर होतात. रमतगमत गेलं तरी सव्वा-दीड तासात होतं. वाटेत दर थोड्या अंतरावर डावी-उजवीकडे फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याच्या आत एक गाव, गावाच्या मागे ठाकरवाडी किंवा कातकरीवाडी.

या फाट्यांकडे बघताना भाईंचं पहिलं काम समजतं. आपण शिक्षक आहोत, म्हणून मी हे आधी सांगते. भाईंनी या भागात लोकांच्या मदतीने स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. एक-दोन नाही, चाळीसहून अधिक! सरकारी शाळा जिथे पोहोचली नव्हती तिथे त्या पोहोचल्या. आज एका शाळेची पटसंख्या टिकवताना आपली किती दमछाक होते, ते तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे. त्या काळात चाळीस गावांत फिरायचं, तिथल्या लोकांना मुलं शाळेत पाठवायला तयार करायचं, शिकवायला माणूस शोधायचा. हे काम किती चिकाटीचं असेल!

दुसरं काम धान्याचं. हे मुलांना नीट समजावून सांगावं लागतं, कारण रेशनच्या दुकानाच्या काळात वाढलेल्या मुलांना ते चटकन कळत नाही. आपल्याकडे भाताचं पीक एकच, पावसाळ्यातलं. दिवाळीच्या सुमारास घरात भात येतो. जमीन थोडी किंवा दुसऱ्याची असेल तर तो भात उन्हाळ्यापर्यंत संपतो. मग जून-जुलैमध्ये, शेतात लावणीचं सगळ्यात कष्टाचं काम असतं तेव्हाच नेमकी घरातली कणगी रिकामी असते. अशा वेळी शेतकरी सावकाराकडे जायचा. सावकार धान्य द्यायचा ते सवाईने किंवा दिढीने. म्हणजे पावसाळ्यात एक मण भात नेला तर सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत करायचा. तो फेडला की पुन्हा कणगी लवकर रिकामी. पुन्हा सावकार. हे चक्र कधी संपायचंच नाही आणि शेवटी जमीन जायची.

भाईंनी यावर उपाय काढला तो धान्यकोठीचा. शेतकऱ्यांनीच मिळून धान्य साठवायचं आणि अडीअडचणीला गरजूला त्यातून द्यायचं. सावकाराच्या दारी जायची पाळी येऊ नये, हा हेतू. आज आपण बचत गट म्हणतो, त्याच जातीची ही कल्पना. फरक एवढाच की इथे बचत पैशांची नव्हती, भाताची होती.

तिसरं काम नगरपालिकेचं. भाई माथेरान नगरपालिकेवर निवडून आले आणि १९४१ च्या सुमारास उपाध्यक्ष झाले. गरीब नाभिकाचा मुलगा, ज्या गावात साहेबांचे बंगले, त्याच गावाच्या कारभारात. याचा अर्थ काय होतो बघा. भाई कायदा शिकलेले होते, निवडणूक लढवत होते, सभागृहात बसून काम करत होते. सनदशीर मार्ग त्यांनी आधी पुरेपूर चालून बघितला होता.

मला माझ्या चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. आपण वर्गात भाईंची गोष्ट मनोऱ्यांपासून सुरू करतो. ती शाळांपासून सुरू करायला हवी.

जरा वाकडी वाट : कशेळे ते आंबिवली

कशेळे हे बाजाराचं गाव. इथे पोटभर नाश्ता करा आणि पाणी भरून घ्या. ज्यांना पुढे सिद्धगडापर्यंत जायचं नाही किंवा ज्यांच्याबरोबर मुलं आहेत, त्यांनी इथून उजवीकडे आत वळावं. आंबिवली-जामरुंगच्या बाजूला जाणारा रस्ता अरुंद आणि शांत आहे. तसाच दुसरा रस्ता खांडसकडे जातो, जिथून भीमाशंकरची पायवाट चढते. माझ्या मते सायकलसाठी आपल्या तालुक्यातले हे सगळ्यात सुंदर रस्ते. समोर सह्याद्रीची उभी भिंत, त्यातून पुढे आलेला कोथळीगडाचा सुळका, बाजूला मोहाची आणि पळसाची झाडं. फाल्गुनात पळस फुलला की डोळ्यांचं पारणं फिटतं. गाडी क्वचित येते. आली तर एसटी, टमटम किंवा दुधवाल्याची मोटरसायकल.

फक्त पावसाळ्यात जपून. शेवाळ धरतं, साकवांवरून पाणी जातं आणि खड्डा पाण्याखाली दिसत नाही. धबधब्याच्या नादाने मुलांना घेऊन पावसात मुळीच जाऊ नका.

विजेचे मनोरे : १९४२

आता वीज. कडावच्या बाजूने पूर्वेला भिवपुरी कॅम्प आहे. तिथे टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. वर घाटमाथ्यावर धरणात पाणी साठवायचं, मोठ्या नळांतून डोंगराखाली सोडायचं आणि त्या जोराने जनित्र फिरवायचं, अशी त्याची रचना. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. तिन्ही आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. इथे तयार झालेली वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईला जायची. त्या विजेवर गिरण्या चालायच्या, आगगाड्या चालायच्या, ट्रामगाड्या चालायच्या. ज्या वाड्यांच्या डोक्यावरून त्या तारा जात होत्या, तिथे मात्र रात्री रॉकेलची चिमणी.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत सगळे मोठे पुढारी तुरुंगात होते. भाईंवरही वॉरंट निघालं. घरी पत्नी इंदूताई. भाई घर सोडून भूमिगत झाले. त्यांनी तरुणांचा एक गट उभा केला, त्याचं नाव आझाद दस्ता. त्यात शेतकरी होते, आदिवासी होते. कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील त्यात होते.

दस्त्याने ठरवलं की मुंबईकडे जाणारी वीज तोडायची. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईचे कारखाने आणि रेल्वे सरकारच्या युद्धाला मदत करत होते. वीज तुटली की ते अडणार होतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले. रात्रीच्या अंधारात, रानात, हातातल्या करवतीने जाड लोखंड कापायचं काम होतं ते. मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. सरकार खवळलं. मनोऱ्यांवर पहारे बसले, भाईंना पकडून देणाऱ्याला इनाम जाहीर झालं, गावोगाव पोलीस फिरू लागले. खालच्या गावांतल्या लोकांना चौकशीचा त्रास झाला. तरी दस्त्याला भाकर मिळत राहिली.

तिसरा टप्पा : कशेळे ते सिद्धगड – शेवट

कशेळ्याहून मुरबाडच्या दिशेने पुढे गेलं की आपण रायगड जिल्हा सोडून ठाणे जिल्ह्यात शिरतो. म्हसा लागतं. पौष पौर्णिमेच्या सुमारास इथे खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते, बैलांचा बाजार, घोंगड्यांचा बाजार. त्या दिवसांत सायकल घेऊन जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. एरवी म्हशाहून नारिवलीकडे वळायचं. हवा स्वच्छ असेल तर समोर सह्याद्रीच्या कड्याला लागून सिद्धगड दिसतो, त्याच्या शेजारच्या रांगेत गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके.

इथे थांबून एकदा मागे बघा आणि एकदा पुढे. मागे, नैर्ऋत्येला, माथेरानची रांग. तिथे जन्म. पुढे सिद्धगड. तिथे मृत्यू. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर साधारण तीस किलोमीटर. पुण्यातलं शिक्षण सोडलं तर भाईंचं सगळं काम याच टापूत मावतं. मोठं काम करायला फार लांब जावं लागत नाही, हे मला तिथे उभं राहून जेवढं पटलं तेवढं पुस्तक वाचून पटलं नव्हतं.

डिसेंबर १९४२ मध्ये पाठलाग वाढला तेव्हा दस्ता सिद्धगडाच्या जंगलात आसऱ्याला गेला. पण जागेचा सुगावा पोलिसांना लागला. फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्या जागेला वेढा घातला. गोळीबार झाला. हिराजी पाटील पडले. भाई आधी जखमी झाले आणि मग त्यांना जवळून गोळी घालण्यात आली. त्या दिवशी भाईंचं वय होतं तीस वर्षं आणि एक महिना.

त्या रानात आज हुतात्मा स्मारक आहे. दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला लोक तिथे जमतात आणि पहाटे श्रद्धांजली वाहतात. एरवी गेलात तर तिथे फार शांत असतं. सायकल खाली गावात कोणाच्या तरी अंगणात सांगून लावायची आणि शेवटचं अंतर पायी जायचं. तिथे मोठ्याने गाणी लावू नका, प्लास्टिक टाकू नका, एवढी विनंती.

आपल्याकडे माथेरानला त्यांचं नाव आहे. मुंबईत दादरला प्लाझासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. रोज हजारो लोक त्याच्या कडेने स्टेशनकडे पळतात. त्यातल्या कितीजणांना हे नाव कोणाचं ते माहीत असेल?

मग त्या मुलीला मी काय सांगितलं?

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी तो प्रश्न पुन्हा वर्गात काढला. आधी मान्य केलं की तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. शिक्षकाने असं मान्य केलं की मुलं एकदम सावरून बसतात, हा अनुभव घेऊन बघा.

मग फळ्यावर एक ओळ काढली आणि भाईंची कामं क्रमाने लिहिली. शिक्षण, शाळा, धान्यकोठी, नगरपालिका, मग मनोरे, मग सिद्धगड. मुलांना विचारलं की मनोरे कितव्या नंबरला आले? पाचव्या. त्याआधीच्या चार गोष्टी जोडण्याच्या होत्या, तोडण्याच्या नव्हत्या. शाळा जोडल्या, माणसं जोडली. लोकांनी निवडलेलं नसलेलं सरकार जेव्हा सगळ्या पुढाऱ्यांना न्यायालयात उभं न करताच तुरुंगात टाकतं, तेव्हा बोलण्याचा मार्ग बंद होतो. भाईंनी पाचवं पाऊल तेव्हा उचललं. आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली, दुसऱ्यावर ढकलली नाही.

पण मी हेही सांगितलं की वीज तुटल्याने सामान्य लोकांचीही गैरसोय झाली असणार. चौकशीचा त्रास गावकऱ्यांनी सोसला. थोर माणसाच्या निर्णयाचीही दुसरी बाजू असते आणि ती विचारणं म्हणजे त्याचा अपमान नाही. आज सरकार आपण निवडतो. एसटीची काच फोडणं आणि भाईंनी मनोरा पाडणं यांत हा फरक आहे. आजची एसटी आपली आहे, वीज आपली आहे. ती फोडली तर आपण आपलंच फोडतो.

मुलगी ऐकत होती. शेवटी तिने वहीत लिहिलं की भाईंनी आणखी काही वर्षं शाळा चालवल्या असत्या तर तिला जास्त आवडलं असतं. मी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली. तुम्ही काय केलं असतं, ते मला नक्की कळवा.

वर्गात आणि घरी काय घेता येईल?

१) तालुक्याच्या नकाशावर माथेरान, भिसेगाव, कडाव, कशेळे आणि भिवपुरी दाखवायला सांगा. सिद्धगड शेजारच्या मुरबाड तालुक्यात येतो, तो बाजूला खूण करून दाखवावा.

२) गणित : एक मण भात दिढीने नेला तर सुगीला किती परत करायचा? तोच भात धान्यकोठीतून एक मणाला एक मण असा नेला तर घरात किती उरेल?

३) गणित : जन्म १ डिसेंबर १९१२, मृत्यू २ जानेवारी १९४३. वय वर्षं, महिने, दिवसांत काढा.

४) परिसर अभ्यास : आपल्या घरी वीज कुठून येते? घरातल्या आजी-आजोबांना विचारा की गावात पहिला दिवा कधी लागला.

५) पालकांसाठी : एका सुट्टीच्या सकाळी मुलांना घेऊन कडावपर्यंत तरी सायकलने जा. हेल्मेट घाला, मुलांना रस्त्याच्या डाव्या बाजूला आणि स्वतःच्या पुढे ठेवा, पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब बरोबर घ्या. माथेरान दिसेल तिथे थांबा आणि गोष्ट सांगा. नऊ वाजायच्या आत घरी परत.

भाईंचं चरित्र पाठ करून घेऊ नका. तेवढ्यासाठी हा रस्ता आपल्या दारात आहे.

लेख आवडला तर इतर शिक्षकांपर्यंत पोहोचवा.